वऱ्हाडचे कापड गेले कुठे?

दिवाळीच्या आगेमागे रिद्धपूरच्या शिवारात कापसाचा पहिला वेचा सुरू होतो. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्याचा हा पट्टा एका अंगाला संत्र्याच्या बागांचा, तर दुसऱ्या अंगाला पऱ्हाटीचा. सीतादहीचा विधी करून बाया वावरात उतरतात, ओटीत कापूस भरत तासामागून तास पुढे सरकतात, आणि संध्याकाळी वजन करून किलोमागे मजुरी ठरते. मग कापूस जिनिंगला जातो. एका क्विंटलातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. सरकीची ढेप होऊन गोठ्यातल्या जनावरांपुढे परत येते. रुईची मात्र 170 किलोची गाठ बांधली जाते आणि ती जिल्ह्याबाहेर निघून जाते. वऱ्हाडी माणसाला ती पुन्हा भेटलीच, तर दुकानातल्या तयार शर्टाच्या रूपात.

हे पूर्वीपासून असेच होते का? नव्हते.

रिद्धपूर ही महानुभाव पंथाची काशी. गोविंदप्रभू इथेच वावरले आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्राच्या आठवणी इथेच जमवल्या. श्रावणातल्या पविते पर्वात आजही सुताची पविती अर्पण होतात. गोविंदप्रभूंच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकात, या गावातल्या माणसांच्या अंगावरचे कापड पंचक्रोशीतल्या कापसाचेच असणार, कारण ज्या मुलखात कापूस पिके तिथेच तो पिंजला, कातला आणि विणला जाई. पुढे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांतही अकोटच्या सतरंज्या आणि बाळापूरच्या पगड्या नोंदलेल्या आहेत. म्हणजे अगदी तोवर कारागिरी पुरती बुडालेली नव्हती.

घाव त्याआधीच बसायला लागले होते. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांची नजर या काळ्या जमिनीकडे वळली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्‌घाटन करायला स्वतः आले. एका बाजारगावाच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या बाजाराचे वजन कळते. त्याच काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कारनॅक यांनी सरकारी अहवालात एक हिशेब मांडला. विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता आले तर विणकर माग सोडून शेतमजुरीला लागतील, आणि अधिक कापूस पिकवायला हात मिळतील, असा तो हिशेब होता. वऱ्हाडचा माग केवळ काळाच्या ओघात थांबला असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर लक्षात घ्यावा. तो थांबावा अशी कोणाची तरी इच्छा होती, आणि ती लिहून ठेवलेली आहे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत त्याची किंमत दिसली. ज्वारीची जमीन कापसाने घेतलेली, हातात दुसरा धंदा नाही, आणि धान्य बाहेरून येणारे.

कापूसही बदलला. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापूसक्षेत्रापैकी सुमारे 97 टक्के देशी वाणांखाली होते. आज हा वाटा दोन-चार टक्क्यांच्या घरात आहे. 1970 मध्ये सुरतला एच-4 हा संकरित वाण आला, 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि घरचे बियाणे राखायची रीत संपत गेली. संकरित वाणाचे बी दरसाल विकतच घ्यावे लागते. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. 2017 च्या हंगामात तिने वऱ्हाडातली बोंडे पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले.

देशी पऱ्हाटी सोपी आहे असे मात्र नाही. तिचे बोंड लहान, त्यामुळे वेचायला वेळ जास्त. फुटलेला कापूस लवकर गळतो. धागा आखूड, म्हणून व्यापारी भाव पाडतो. पण तिची मुळे खोल जातात, ती पावसाची ओढ सोसते, मावा-तुडतुड्यांना सहसा बळी पडत नाही, आणि सरळ वाणाचे बी शेतकऱ्याला राखता येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए-7, एकेए-8 यांसारखे सुधारित देशी वाण दिले आहेत. कोरडवाहू कास्तकारासाठी ही मोलाची कामगिरी आहे, तिची चर्चा मात्र फारच कमी होते.

खरी अडचण वावरात नाही, सूतगिरणीत आहे. मोठ्या गिरण्या लांब धाग्याच्या आणि घट्ट दाबलेल्या गाठींच्या हिशेबाने उभ्या आहेत. गाठ दाबायची, मग तीच फोडून रुई यंत्राने झोडून मोकळी करायची, या खटाटोपात आखूड धागा आणखी दुबळा होतो. तेलंगण-आंध्रात उझरम्मा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘मल्खा’ या उपक्रमाने गाठ बांधायची पायरीच वगळली. कापूस पिकतो तिथेच छोट्या यंत्रांवर सूत काढायचे आणि ते हातमागाला द्यायचे, ही त्याची रीत. विदर्भाला हा विचार परका नाही. वर्ध्यात 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाचा वारसा ग्रामोद्योगाचाच, आणि तिथे आजही नैसर्गिक रंगांच्या खादीचे काम चालते.

धाग्याची गोष्ट कापसापाशीच थांबत नाही. वऱ्हाडात वावराच्या कडेने अंबाडी लावत. पाल्याची भाजी व्हायची, खोडे पाण्यात कुजवून साल सोलायची, आणि त्या वाखाचे कासरे, दावी वळली जायची. पोळ्याच्या आधी नवे दोर वळणे हे घराघरातले काम होते. आता बैलजोड्या घटल्या, दोर नायलॉनचे झाले आणि अंबाडी भाजीपुरती उरली. नायलॉनचा तुकडा मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो, तर अंबाडीचा दोर झिजला की शेणखतात मिसळून जातो.

पुन्हा कापसाकडे येऊ. 20 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी वर्ध्यातून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी केली. जागा 1000 एकर. कापसापासून कपड्यापर्यंतची सगळी साखळी एका ठिकाणी आणण्याचा हा बेत आहे आणि वऱ्हाडला त्याची गरज आहे. पण तिथे फक्त लांब धाग्याच्या गाठी चालल्या, तर देशी कापूस लावणाऱ्या कास्तकाराची आजची अडचण तशीच राहील. आखूड धाग्याची काही यंत्रे, गावाजवळ छोटी जिनिंग, हातमागाला हमखास सूत आणि देशी कापसाला वेगळा भाव, एवढे त्या हजार एकरांच्या आराखड्यात बसवणे अवघड नाही. रिद्धपूरच्या शेतकऱ्याने पुढच्या मृगात कोणते बी पेरायचे, ते त्याचा कापूस घेणारा कोण आहे यावरच ठरेल.