जुन्या लिनक्सवर गुंजाला गोंडी

आदिलाबाद जिल्ह्यात नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी २००६ साली गोंडीची हस्तलिखिते उजेडात आली आणि त्यांच्या लिपीला गावाचेच नाव पडले. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत तिची ६३ चिन्हे दाखल झाली. त्याआधीच्या लिनक्सला ही लिपी ठाऊकच नाही. नोटो सान्स गुंजाला गोंडी हा फॉन्ट टाकला की अक्षरांच्या जागी दिसणारे चौकोन जाऊन अक्षरे दिसतात, पण जोडाक्षरे सुटी पडू शकतात, कारण अक्षरे जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी जुनीच असते. संगणकाला नवे लिनक्स पेलत नसेल, तर नवी हार्फबझ सोर्सवरून कंपाइल करावी लागते.

अगदी ताज्या आवृत्तीचा मोह टाळावा. तिला मेसन हे कंपाइल करवणारे साधन आणि नवे पायथन लागते. २०१८-१९ची आवृत्ती या कामाला पुरते.

कंपाइल फसले की पडद्यावर ओळींची रांग धावते आणि नजर शेवटच्या ओळीवर खिळते. कंपाइल करवणाऱ्या 'मेक' या साधनाची ती ओळ फक्त काम थांबल्याचे कळवते. दुखणे वर, पहिल्या 'एरर'पाशी असते. तिथे एखादी हेडर फाइल सापडत नाही असे लिहिले असेल, तर बहुधा लायब्ररी आहे, पण तिचे 'डेव्ह' पॅकेज (रेड हॅटच्या गोतावळ्यात 'डेव्हेल') राहिले आहे. 'मेक'च्या आधीच्या 'कॉन्फिगर' या पायरीलाच अडले, तर कॉन्फिग.लॉग उघडावा. कंपाइलर जीसीसी ४.८पेक्षा जुना असल्याचे पुष्कळदा तिथेच कळते.

नुसते 'किल्ड' आले, तर कोडला दोष देऊ नये. मेमरी संपली आणि कर्नलने कंपाइलरच मारला, एवढाच त्याचा अर्थ. १ जीबी रॅमवर समांतर कामे बंद करून स्वॅप वाढवावा.

'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' हा इशारा मात्र गमतीचा. काय पुन्हा कंपाइल करायचे हे 'मेक' फाइलींच्या वेळांवरून ठरवते. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि आजची फाइल भविष्यातली ठरते. त्याच घड्याळापायी इंटरनेटवरची सुरक्षा-प्रमाणपत्रेही नाकारली जातात आणि सोर्स उतरतच नाही. उपाय नाण्याएवढ्या सेलचा.

सगळे पार पडूनही जोडाक्षरे सुटीच राहिली, तर 'एलडीकॉन्फिग' चालवावे आणि प्रोग्राम कोणती हार्फबझ उचलतो ते 'एलडीडी'ने पाहावे. जुनी प्रत पुसू नये. बाकीचा डेस्कटॉप तिच्यावरच चालतो.