चव्वेचाळीस टनांचें एंजिन

मोठ्या जंक्शनाच्या आवारांत चालणारें शंटिंग आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. डबे ओढावयाचे, ढकलावयाचे, एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न्यावयाचे आणि मध्येंच इशाऱ्याची वाट पाहात तासन्‌तास उभें राहावयाचें, असें हें काम. अमेरिकेंत ह्याच कामासाठीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९४० सालीं एक लहानसें डीझेल-विद्युत् एंजिन तयार केलें. त्यास 'चव्वेचाळीस टनी' असेंच नांव पडलें. पन्नास नव्हे, चव्वेचाळीसच कां? ह्या प्रश्नाचें उत्तर यंत्रशास्त्रांत नसून एका करारांत आहे, हीच ह्या एंजिनाच्या इतिहासांतील मौज होय.

वाफेच्या एंजिनावर दोन माणसें लागत : एक ड्रायव्हर व दुसरा भट्टींत कोळसा घालणारा फायरमन. भट्टीपुढें कित्येक वर्षें घालविल्यावर फायरमनास ड्रायव्हरची जागा मिळे. डीझेल एंजिनास भट्टीच नाहीं. मग फायरमन हवा कशाला, असें रेलवे कंपन्या विचारूं लागल्या. मार्गावर लक्ष ठेवण्यास दुसरे डोळे हवेतच, असें फायरमन लोकांचें म्हणणें. पोटाचा प्रश्न त्यामागें होता हें खरें. तरी तें म्हणणें आम्हांस अगदींच पोकळ वाटत नाहीं. अखेर १९३७ सालीं त्यांचा संघ व कंपन्या ह्यांच्यांत करार झाला. चालक चाकांवर ९०,००० पौंडांहून अधिक भार असलेल्या डीझेल एंजिनावर फायरमन ठेवावा, असें त्यांत ठरलें.

आतां विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें. अमेरिकन टन इंग्रजी टनाप्रमाणें २,२४० पौंडांचा नसून २,००० पौंडांचा असतो. तेव्हां ४४ टन म्हणजे ८८,००० पौंड. मर्यादेपेक्षां अवघे २,००० पौंड कमी!

ह्या एंजिनाची रचनाहि पाहण्यासारखी आहे. ड्रायव्हरची खोली बरोबर मध्यभागीं असून तिच्या पुढें व मागें ठेंगण्या टपाखालीं एकेक डीझेल यंत्र बसविलेलें असे. बहुतेक एंजिनांत हीं यंत्रें कॅटरपिलर कंपनीचीं असून दोहोंची मिळून शक्ति सुमारें ३८० अश्वशक्ति भरे. डीझेल यंत्र स्वतः चाकें फिरवीत नाहीं. तें डायनॅमो फिरवितें, आणि डायनॅमोची वीज प्रत्येक आंसावरील मोटारीस मिळते. अशा मोटारीचा जोर गाडी जागची हलवितांनाच सर्वांत अधिक असतो, आणि शंटिंगला नेमका तोच हवा. शिवाय वाफेचें एंजिन उभें असतांहि कोळसा खातें. डीझेल यंत्र काम नसतां बंद करितां येतें. टप ठेंगणें असल्यामुळें ड्रायव्हरास दोन्ही दिशांना दिसे. फायरमनच्या डोळ्यांचें काम असें खिडक्यांवर सोंपविण्यांत आलें, असें म्हटल्यास चालेल.

मात्र लांब मालगाड्या ओढणें ह्या लहानग्याच्या शक्तीबाहेरचें होतें. मोठ्या आवारांसाठीं कंपन्यांनीं १,००० अश्वशक्तीचीं एंजिनें घेतलीं व त्यांवर फायरमन मुकाट्यानें ठेविला. चव्वेचाळीस टनी लहान फांट्यांवर, गोद्यांत व कारखान्यांत राबलें. १९५६ सालीं त्याची बांधणी थांबली.

पुढें १९६३ सालीं हा तंटा अमेरिकन कायदेमंडळानें लवादाकडे सोंपविला. मालगाड्यांवरील व आवारांतील फायरमनच्या बहुतेक जागा अनावश्यक आहेत, असा लवादानें निकाल दिला. जुन्या नोकरांस मात्र संरक्षण मिळालें. वजनाच्या मर्यादेस तेव्हां फारसा अर्थ उरला नाहीं. पण तोंवर चव्वेचाळीस टनी बांधणें बंद होऊन सात वर्षें लोटलीं होतीं.