रोझमेरी : पानाचे वय आणि पानातला गुण

१९५८ साली आपल्या शहरात मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच वर्षी इटलीत स्कार्पाती आणि ओरिएंते या रसायनशास्त्रज्ञांनी रोझमेरीच्या पानांतून एक आम्ल वेगळे केले. त्याचे नाव रोझमॅरिनिक आम्ल. ते आपल्याला परके नाही. अंगणातल्या तुळशीतही ते असते, कारण तुळस, पुदिना आणि रोझमेरी एकाच कुळातल्या. कार्नोसिक आम्ल मात्र रोझमेरी, सेज अशा मोजक्याच वनस्पतींत सापडते.

ही दोन्ही द्रव्ये अँटिऑक्सिडंट आहेत. उघड्यावर ठेवलेले तेल खवट होते, कारण प्राणवायू त्यातील स्निग्धाम्ले मोडतो. अँटिऑक्सिडंट तो मारा आधी स्वतःवर घेते. म्हणूनच युरोपात रोझमेरीचा अर्क इ-३९२ या क्रमांकाने खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वापरतात.

पण झाड ही द्रव्ये आपल्यासाठी बनवत नाही. पाणी कमी पडले की पान आपली रंध्रे मिटते. कार्बन डायऑक्साइड आत येणे घटते, ऊन मात्र पडतच राहते. न वापरलेल्या ऊर्जेतून प्राणवायूची घातक रूपे तयार होतात. ती निस्तरताना कार्नोसिक आम्ल स्वतः खर्ची पडते आणि त्याचे कार्नोसोलसारख्या द्रव्यांत रूपांतर होते. बार्सिलोनातील संशोधकांनी दुष्काळी ताणातल्या रोझमेरीत हे दाखवून दिले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुंडीतले रोप काय सोसत असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

वयाचाही हिशेब आहे. स्पेनमधील अभ्यासात रोझमॅरिनिक आम्ल कोवळ्या पानांत भरपूर आढळले. पान वाढत गेले तसे ते हळूहळू घटले. एकाच फांदीचा शेंडा आणि बुडखा म्हणूनच सारखा नसतो.

तेव्हा ‘या वनस्पतीत किती अँटिऑक्सिडंट?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते पान, कोणत्या महिन्यात, पाणी मिळत असताना की नसताना, हेही विचारायला हवे. वाळवलेल्या पानांच्या पाकिटावर खुडणीचा महिना नसेल, तर गुणांची छापील यादी फारसे काही सांगत नाही.

असे मोजमाप आपल्या तुळशीचेही करता येईल. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे जांभळे द्रावण अँटिऑक्सिडंट मिळताच पिवळे पडत जाते. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत ही चाचणी होते. या तुळशीच्या लग्नापासून पुढच्या लग्नापर्यंत, दरमहा एकाच वृंदावनातली चार कोवळी आणि चार जून पाने तपासली, तरी आपल्या मातीतली, आपल्या उन्हातली एक खरी नोंद हाती येईल.