ट्रॉलीचा हूक निवडताना : माल आपला, जोखीमही आपली

उदगीर, देवणी, जळकोट या भागातील व्यापाऱ्यांचा माल आजही पुष्कळदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातो. डाळ मिलची पोती असोत, आठवडी बाजाराला निघालेल्या कापडाच्या गाठी असोत, लोखंडी कपाटे असोत की लग्नमंडपाचे सामान. भाडे ठरविताना आपण ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा आहे, ड्रायव्हर ओळखीचा आहे का, ताडपत्री आहे का, हे सर्व विचारतो. परंतु ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारा जो वीतभर लोखंडाचा सांधा असतो, त्याकडे वाकून पाहणारा व्यापारी विरळाच. लाखाचा माल आणि रस्त्यावरच्या माणसांचा जीव त्या एका पिनेवर असतो. आम्ही कापडवाले या विषयावर लिहितो आहोत ते एवढ्याचसाठी. आमचे कित्येक वाचक स्वतः वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे काम करतात, ट्रॉल्या बांधतात. त्यांच्यासाठीही चार गोष्टी येथे आहेत.

दोनचाकी की चारचाकी?

हूक कोणता हवा हे ट्रॉलीवरून ठरते. चारचाकी ट्रॉली आपले वजन आपल्याच चाकांवर पेलते. तिचा पुढचा दांडा वरखाली हलणारा असतो, म्हणून हुकावर फक्त ओढ येते, ओझे येत नाही. दोनचाकी ट्रॉलीचे तसे नाही. तिच्या मालाचा काही भाग नेहमी हुकावर टेकलेला असतो. म्हणून दोनचाकीला ओढ आणि ओझे दोन्ही सोसणारा मजबूत हूक लागतो, आणि तो ट्रॅक्टरच्या हौसिंगला कंपनीने दिलेल्या जागीच पक्क्या बोल्टांनी बसलेला असावा लागतो.

हिशोब सोपा आहे. समजा, माल ४,००० किलो आहे. पिनेपासून ट्रॉलीच्या एक्सलपर्यंत ३ मीटर अंतर आहे. मालाचा मध्य एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल तर हुकावर ४०० किलो ओझे येते. तोच मध्य ६० सेंटिमीटर पुढे गेला की ओझे ८०० किलो होते. आणि हमालांनी जड गाठी मागे रचून मध्य एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे नेला, तर हूक ४०० किलोच्या जोराने वर उचलला जातो. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, पकड सुटते आणि ब्रेकही नीट लागत नाही. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजाराला जाणाऱ्या जुन्या गाडीवानांना हे शिकवावे लागत नसे. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, पुढे गेले की जू बैलांच्या मानेवर बसते, हे ते जाणून होते. बैल गेले, ट्रॅक्टर आला. नियम तोच राहिला.

काळ्या जमिनीच्या शेतात, चिखलात दोनचाकी ट्रॉली सोयीची पडते, कारण हुकावरील ओझ्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. डांबरी रस्त्याने लांबवर जड माल न्यायचा असेल तर चारचाकी बरी.

हूक किती उंचीवर असावा?

या एका गोष्टीच्या अज्ञानाने अपघात होतात. ट्रॅक्टर जोराने ओढतो तेव्हा त्याची पुढची चाके हलकी होतात. हूक जितका उंच, तितकी ती अधिक हलकी होतात. चढावर किंवा चिखलातून निघताना ओढ १,००० किलोची आहे आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही एक्सलमध्ये २ मीटर अंतर आहे असे धरा. हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल तर पुढच्या चाकांवरून २५० किलो भार कमी होतो. ८० सेंटिमीटरवर असेल तर ४०० किलो. त्यातच दोनचाकी ट्रॉलीचे ४०० किलो ओझे मागच्या एक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे टेकलेले असेल तर आणखी १४० किलो भार उडतो. उभ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ७०० किलो असतील, तर उंच हुकाने त्यातले १६० किलोच उरतात. हूक खाली असता तर ३१० उरले असते. चढ तीव्र असेल तर दोन्ही आकडे आणखी खाली येतात. १६० किलोवर स्टिअरिंग फिरविले तरी चाक वळेलच याचा भरवसा नाही. आणखी थोडा झटका बसला की पुढची चाके हवेत!

म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात. एक, हूक कंपनीने दिलेल्या उंचीपेक्षा वर घेऊ नये. ट्रॉली भरल्यावर तिचा दांडा साधारण सपाट राहावा. तो मेळ बसत नसेल तर ट्रॉलीचा दांडा दुरुस्त करावा, ट्रॅक्टरचा हूक वर चढवू नये. दोन, फसलेली ट्रॉली काढण्यासाठी टॉप लिंकला किंवा एक्सलच्या वर साखळी कधीही बांधू नये. तेथून ओढले की ट्रॅक्टर मागे उलटतो आणि ड्रायव्हरला उडी मारण्याइतकाही वेळ मिळत नाही. नांगर-पेरणीच्या दोन लिंकांमध्ये बसणारी भोकांची पट्टी ही शेतीच्या अवजारांसाठी असते. जड ट्रॉलीसाठी तिचा उपयोग करू नये.

पिन : दिसायला लहान, कामाला मोठी

पिन हरवली की सळईचा तुकडा ठोकून गाडी पुढे नेण्याची आपल्याकडे सवय आहे. ही सवय मोडली पाहिजे. पिन भोकात घट्ट बसली नाही की प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक गिअरला झटका बसतो. सरळ ओढीपेक्षा झटक्याचा मार कितीतरी मोठा असतो. ३० मिलिमीटरची पिन झिजून २७ मिलिमीटर झाली, तर डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही. परंतु तिची कापाविरुद्धची ताकद सुमारे एक पंचमांशाने आणि वाकण्याविरुद्धची चतुर्थांशाहून अधिक घटलेली असते. अशी पिन बदलावी. भोक लांबट झाले असेल तर नुसती नवी पिन घालून भागत नाही. हुकाचा तो भागही बदलावा लागतो.

पिनेच्या वर पक्के डोके आणि खाली लॉक असलेच पाहिजे. खड्ड्यात ट्रॉली उसळली की बिनलॉकची पिन वर उडते. तारेचा वेढा म्हणजे लॉक नव्हे.

कारागीर बंधूंसाठी

मिस्त्री लोक जुन्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, तुकडा कापून हूक बनवितात. पाटा कडक असतो म्हणून तो मजबूत, असा समज आहे. प्रत्यक्षात या पोलादात कार्बन जास्त असतो. साध्या पद्धतीने वेल्डिंग केले की सांध्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि एक दिवस काही न वाकता तडकन् तुटतो. साध्या माइल्ड स्टीलची जाड प्लेट वाकून आधी इशारा तरी देते. हूक-दांड्याच्या वेल्डिंगसाठी माइल्ड स्टीलच घ्यावे. पिनेसाठी इ.एन.-८ सारखे पोलाद चांगले, पण त्या पिनेवर वेल्डिंग करू नये; डोके लेथवर त्याच बारमधून काढून घ्यावे. गिऱ्हाईक घाई करते, कमी भाव मागते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही या एका कामात ‘चालवून घेणे’ नको. रंग लावण्याआधी सांधा गिऱ्हाइकाला दाखवावा. चांगल्या कामाची तीच जाहिरात.

जीपमागची गाडी आणि परदेशातील रीत

जीप किंवा पिकअपमागे लहान ट्रेलर जोडणाऱ्यांनी गोळ्याचा हूक वापरावा. आपल्याकडे व युरोपात ५० मिलिमीटरचा गोळा चालतो. अमेरिकेत जड ट्रेलरला त्याहून मोठा, सुमारे ५८ मिलिमीटरचा असतो. मोठ्या गोळ्याची वाटी लहान गोळ्यावर बसल्यासारखी वाटते, पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटते. वाटी-गोळा एकाच मापाचे घ्यावेत. हूक बंपरला नव्हे, चेसिसला बांधावा. अमेरिकेत राहती घरगाडी मोटारीमागे ओढणारे लोक ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ओझे हुकावर ठेवतात. त्याहून कमी असेल तर ट्रेलर साप वळवळावा तसा डुलू लागतो. वजन फार झाले की ते हुकाला स्प्रिंगचे दांडे जोडून काही भार पुढच्या चाकांवर परत नेतात. आणि न्हावाशेवा बंदरातून येणारे कंटेनर पाहा : तेथे जोड मागे नसून मागच्या एक्सलच्या वर असतो. जितके ओझे जड, तितका जोड चाकांच्या जवळ, हे तत्त्व सगळीकडे सारखेच.

साखळी, ब्रेक आणि कागद

हूक कितीही चांगला असला तरी सेफ्टी साखळी हवीच. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर तिरप्या न्याव्यात, म्हणजे पिन तुटली तरी दांडा रस्त्यात रुतत नाही. वळणापुरती ढील ठेवावी, जमिनीला घासू देऊ नये.

हूक ओढतो, थांबवीत नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतात; उतारावर सगळा माल ट्रॅक्टरला ढकलतो. उतार लागण्याआधीच लहान गिअर टाकावा, न्यूट्रल करू नये. रस्त्यावर ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडले पट्टीने एकत्र जोडलेली असावीत, नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

शेवटी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी पाहावी, विम्यात तिचा उल्लेख आहे का तेही पाहावे. शेतीकामाच्या विम्यावर भाड्याने व्यापारी माल नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी नेमके तेच कारण पुढे करते. गाठींवर बसविलेल्या नोकराचेही तसेच. त्याला बसने पाठवावे.

माल भरून झाला की भाडे देण्याआधी पाच मिनिटे काढावीत. पिन, लॉक, भोक, बोल्ट, साखळी, पेडलची पट्टी, मागचे लाल रिफ्लेक्टर हे सर्व स्वतः पाहावे. एकही वस्तू कमी असेल तर ती येईपर्यंत माल हलवू नये. एक बाजार चुकला तर पुढचा आठवडा आहे.