बोनस कधी गुंतवायचा? मुहूर्त, मार्केट आणि काही ठाम गैरसमज

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात परतवाड्याच्या सदर बाजारात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. बोनस किती झाला, आणि त्याचं काय करणार? पहिल्याचं उत्तर लोक थोडं कमी करून सांगतात. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र सराफ, विमा एजंट, पतसंस्थेचा पिग्मीवाला आणि पुण्याहून सुटीवर आलेला भाचा असे सगळे तयार असतात. ज्याची त्याची 'योग्य वेळ' ठरलेली असते, आणि ती बहुतेकदा सांगणाऱ्याच्या सोयीची असते.

गैरसमज : दिवाळीत खात्यावर जमा झालं ते सगळं बोनसच.

२०२५ च्या दिवाळीत एसटी कर्मचाऱ्यांना ६ हजार रुपयांची दिवाळी भेट जाहीर झाली, आणि पात्र कर्मचाऱ्यांना १२,५०० रुपयांची सण उचल. घरी मोजताना हे साडेअठरा हजार होतात. पण उचल ही आपल्याच पुढच्या पगारातून महिन्या-महिन्याला कापली जाते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना मिळणारं सण अग्रिमही असंच, बिनव्याजी पण परत करायचं. ते कुठे गुंतवायचं हा प्रश्नच चुकीचा आहे. गुंतवायचे असले तर ते फक्त सहा हजार.

खासगी नोकरीतही आकड्यांचा असाच घोळ होतो. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे बाराव्या हिश्शाइतका. म्हणून अठरा हजार पगारवाला कामगार एका महिन्याच्या पूर्ण पगाराची वाट पाहतो. प्रत्यक्षात हिशेब होत आला तो महिना ७ हजार रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन, यांत जे जास्त असेल त्यावर. सात हजारांवर धरलं तर वर्षाचा किमान बोनस जेमतेम सात हजार. रेल्वेचा ७८ दिवसांचा बोनस १७,९५१ रुपयांवर थांबतो, तोही याच सात हजारांच्या मर्यादेमुळे. आकडा हातात येण्याआधीच हप्त्यावर फ्रीज घेऊन बसणाऱ्यांनी एवढं तरी पाहून घ्यावं.

गैरसमज : बोनस करमुक्त असतो.

नसतो. तो पगारच धरला जातो. मात्र २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना याची झळ बसत नाही. याचीच दुसरी बाजू अशी की नव्या प्रणालीत ८०-सी ची वजावट मिळत नाही. तरीही फेब्रुवारी-मार्च आला की 'टॅक्स वाचवा' म्हणत पॉलिसीचा फॉर्म पुढे येतो. एकदाच मिळालेल्या बोनसवर पंधरा वर्षांचा हप्ता बांधून घेणं हा मला या सगळ्यातला सर्वांत महागडा प्रकार वाटतो. पुढच्या वर्षी बोनस आला नाही तरी हप्ता येतोच, आणि पॉलिसी लवकर मोडली तर भरलेल्या पैशातला मोठा भाग जातो.

बोनस कायम राहील हे अचलपूरकरांना तरी कोणी सांगू नये. इथली फिनले मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, आणि ती सुरू व्हावी म्हणून कामगारांना आंदोलनं करावी लागली. सरकारी महामंडळाची मिल होती, तरी हे झालं. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर पहिला बोनस तिथेच गेला पाहिजे. साध्या बचत खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवीत. त्यावर परतावा किती मिळतो हे विचारूच नये.

गैरसमज : 'मार्केट लय वर हाय भाऊ, उतरलं का टाकू.'

हे वाक्य दर दिवाळीला ऐकू येतं, मार्केट कुठेही असो. उतरण्याची वाट पाहणारा उतरल्यावरही टाकत नाही, कारण तेव्हा 'अजून पडेल' असं वाटतं. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६ हजारांच्या आसपास घसरला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो ४७ हजारांवर होता. मार्चमध्ये हिमतीनं पैसे टाकलेले किती जण तुमच्या ओळखीत आहेत?

व्हॅनगार्ड या अमेरिकी कंपनीनं २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे जुने आकडे तपासले. मोठी रक्कम एकदम टाकणं आणि वर्षभर थोडी थोडी टाकणं यांत साधारण तीनपैकी दोन वेळा एकदम टाकणारा पुढे निघाला. कारण साधं आहे. बाजार चढण्याचा काळ पडण्याच्या काळापेक्षा जास्त असतो, आणि बाहेर थांबलेला पैसा ती चढण चुकवतो. पण तिसऱ्या वेळेचं काय? ज्याला ती सोसणार नाही त्यानं दोन लाखांचा बोनस लिक्विड फंडात ठेवून सहा-आठ महिन्यांत थोडा थोडा वळवावा. झोप शांत लागते, आणि त्यासाठी थोडा परतावा गेला तरी चालतो. सात हजारांचे मात्र बारा तुकडे करत बसू नये.

गैरसमज : मुहूर्तावर घेतलेला शेअर बुडत नाही.

लक्ष्मीपूजनाला शेअर बाजार तासभर उघडतो. मुंबई शेअर बाजारात ही प्रथा १९५७ पासूनची. श्रद्धा म्हणून एखादा शेअर घ्यायला कुणाची हरकत नाही. पण २००७ च्या मुहूर्ताला सेन्सेक्स १८,९०० च्या घरात होता आणि २००८ च्या मुहूर्ताला ९ हजारांवर. निम्म्याहून खाली. २०१० च्या मुहूर्ताला तो पुन्हा २१ हजारांवर पोचला. या तीन वर्षांच्या मध्येच ज्याच्या मुलीचं लग्न निघालं, त्याला मुहूर्तानं काही वाचवलं नाही. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये, मग दिवस कोणताही असो. बोनस कधी मिळाला यापेक्षा तो कधी लागणार, हे आधी लिहून काढावं.

सोन्याचंही तेच. २०१२ मध्ये दहा ग्रॅमला सुमारे ३१ हजार रुपये भाव होता, २०१८ मध्येही तो साधारण तिथेच होता. त्यानंतर तो उसळला, तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. शिवाय दागिन्यात घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी पहिल्याच दिवशी जातो. घालायला हवा असेल तर जरूर करा, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका.

तारखेला खरी किंमत आहे ती एका कंटाळवाण्या ठिकाणी. पीपीएफमध्ये महिन्याचं व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. ६ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. सुकन्या समृद्धीलाही हाच नियम. पोस्टाच्या रांगेत दोन दिवस आधी उभं राहणं मुहूर्तापेक्षा फायद्याचं.

गैरसमज : कर्ज दिसलं की बोनस त्यात ओता.

कोणतं कर्ज, ते पाहा. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते. ती आजच फेडा. एवढा परतावा खात्रीनं देणारी गुंतवणूक कुठेच नाही.

पण आपल्याकडे बऱ्याच नोकरदारांच्या घरी थोडंफार वावर असतं, आणि पीक कर्जही. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत, म्हणजे खरिपाचं ३१ मार्चपर्यंत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार शून्यावर येतो. ते नोव्हेंबरात घाईनं फेडून काय मिळवलं? दिवाळीला सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते. कृषी केंद्रात रोखीचा आणि उधारीचा भाव एकच राहत नाही. बोनसमधून बियाणं-खत रोखीनं घ्यावं, उरलेलं मार्चमध्ये सुटेल अशा ठेवीत ठेवावं. फक्त ३१ मार्च चुकवू नका.

गैरसमज : सहकारी म्हणजे सगळं सारखंच सुरक्षित.

दिवाळी ठेव योजनेचे फलक याच दिवसांत लागतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याज कशासाठी मिळतं, याचं उत्तर इथेच आहे.

आणि ज्यांच्या हाती अजून काहीच पडलेलं नाही त्यांच्यासाठी. बोनस ही मालकाची बक्षिसी नाही. १९२४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना चौकशी समितीनं सांगितलं होतं की बोनसवर तुमचा हक्क नाही. १९६५ च्या कायद्यानं तो हक्क दिला, आणि आता वेतन संहितेतही तो आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, वेतनमर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात किमान तीस दिवस काम केलेल्याला तो मिळतो. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यावा लागतो. वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. ती उलटून गेली तर अमरावतीच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.