बेडूकदादा, थंडीत लपलास कुठे?

पावसाळ्यातल्या रात्री पेठच्या भातखाचरांतला कल्ला ऐकलायस कधी? डराव डराव! टर्र टर्र! आणि आता डिसेंबर. भात कापून झाला, नागली मळून झाली, बांधावरचं गवत पिवळं पडलं. सगळं कसं चिडीचूप!

मग एवढे सगळे बेडूक गेले कुठे? चल, शोधूया! पण आधी एक गुपित ऐक.

बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही! तो पितो कातडीतून! पोटाखालची पातळ कातडी ओल्या मातीला टेकवली, की पाणी आपोआप आत. श्वाससुद्धा तो थोडा कातडीतून घेतो! पण फरशी पुसायचं ओलं फडकं वाऱ्यावर टाकलं तर काय होतं? थोड्या वेळात खडखडीत! बेडकाच्या कातडीचंही तसंच. पाणी भराभर पिते, भराभर गमावतेही. म्हणून हिवाळ्यात आपण बेडूक नाही शोधायचा. ओल शोधायची!

ओहोळातल्या डोहापाशी गुपचूप बस. पाण्याबाहेर दोन गोल डोळे दिसले? आता एक पाऊल पुढे टाक... टप टप टप! अरे, हा तर बुडी न मारता पाण्यावरूनच उड्या मारत पळाला! डोहात पाणी आहे तोवर याला लपायची गरजच नाही.

दुसरा बेडूक कुठे असेल, ओळख बघू! तुझ्या पायाखाली!

हा गुबगुबीत, आखूड पायांचा. त्याच्या मागच्या दोन्ही तळव्यांना एकेक टणक उंचवटा असतो. तेच त्याचं फावडं! आणि गंमत म्हणजे तो जमिनीत उलटा शिरतो. आधी बूड, मग पोट! मागचे पाय आळीपाळीने हलवत माती बाजूला सारतो आणि खाली खाली सरकतो. शेवटी उरतं फक्त नाकाचं टोक. मग तेही गडप! आत तो महिनोन्‌महिने न खाता बसतो. पहिला मोठा पाऊस मातीत मुरला, की हा वर! साऱ्या बेडकांत माझा सगळ्यात लाडका हाच.

तिसरा कदाचित तुझ्याच न्हाणीघरात असेल! बोटांच्या टोकांना गोल चकत्या, म्हणून भिंतीला मस्त चिकटतो. हातपाय पोटाशी घट्ट दुमडून बसतो. का? ओल उडून जाऊ नये म्हणून!

अलास्कातला एक बेडूक तर याहून भारी. थंडीत त्याच्या अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी गोठतं, हृदय थांबतं, आणि वसंतात तो पुन्हा उड्या मारतो!

आणि सॅलमँडर? पालीसारखा दिसणारा, पण अंगावर खवले नसलेला हा बेडकांचा भाऊबंद आपल्या सह्याद्रीत नाही. त्याला भेटायला दार्जिलिंगच्या डोंगरांत जावं लागेल. पण आपल्याकडे देवगांडूळ आहे ना! पाय नाहीत, दिसतं गांडुळासारखं, पण आत हाडं आणि तोंडात दात! आंबोलीत सापडलेल्या एका जातीला तर २००३ साली नाव मिळालं. लोक त्याला साप समजून मारतात. तू मात्र मारू देऊ नकोस हं!

शोधायला जाताना मोठं माणूस सोबत हवंच, कारण दगडाखाली विंचूही असतो. आणि उचललेला दगड हळूच होता तसा ठेव. त्याखालची ओल म्हणजे कुणाचं तरी घर आहे.