अमक्याची आई ते लाडकी बहीण

दिवाळी म्हटली की भाऊबीज आली, आणि भाऊबीज म्हटली की तबकात ओवाळणी पडायचीच. बहिणीने भावाला ओवाळायचे, भावाने ऐपतीप्रमाणे तबकात काही टाकायचे, आणि मग ते कमी की जास्त यावर दोघांनी लटके भांडायचे. या गोड रिवाजाविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते एका निराळ्याच ओवाळणीबद्दल. ही सरकारी तिजोरीतून निघते, बँकेच्या खात्यात पडते, आणि तिच्या मागेपुढे कुठेतरी हमखास एक निवडणूक असते.

२०२४ साल आठवा. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीकडे गेल्या आणि राज्यातली सत्ताधारी महायुती १७ वर थांबली. बरोबर चोवीस दिवसांनी, २८ जूनला, राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या स्त्रीला दरमहा १,५०० रुपये! पहिले हप्ते पडले ते रक्षाबंधनाच्या सुमारास. पुढचे दोन भाऊबीजेची भेट म्हणून आगाऊच आले. मग विरोधकांनाही बहीण आठवली. त्यांनी 'महालक्ष्मी'च्या नावाने ३,००० रुपयांचे वचन दिले. महायुतीने १,५०० चे २,१०० करू म्हणून सांगितले. २० नोव्हेंबरला मतदान झाले, २३ तारखेला मतपेट्यांनी, म्हणजे आताच्या यंत्रांनी, २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या पदरात टाकल्या.

लगेच सगळीकडे एकच निदान ऐकू येऊ लागले. ही सारी बहिणींची किमया! कोणी ते कौतुकाने म्हणाले, कोणी नाक मुरडून. पण जी बाई रांगेत उभी राहून मत देऊन आली तिला दोघांनीही एकाच नावाने ओळखले. बहीण. कोणाची तरी बहीण.

माझ्या मनात घोळत राहिले ते हे नाव. कारण स्त्रीच्या मताचा आपल्याकडचा इतिहास चाळला, तर तो बराचसा तिला काय म्हणून हाक मारावी याचाच इतिहास आहे.

बायको म्हणून मत

मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार १९२१ साली मिळाला, पण मालमत्तेच्या अटीवर. मालमत्ता तर बहुतेक बायकांच्या नावावर नव्हतीच. मग १९३५ च्या कायद्याने दार थोडे आणखी किलकिले केले. ज्या पुरुषाला मत आहे त्याची बायको किंवा विधवा असेल, तर तिलाही मत द्यावे, असे त्यात आले. म्हणजे मत तिचे, पात्रता त्याची. त्या काळच्या अखिल भारतीय महिला परिषदेने या अटीला विरोध केला होता. आम्हाला कोणाची बायको म्हणून मत नको, प्रौढ माणूस म्हणून हवे, असे त्यांचे सरळ म्हणणे होते.

ते म्हणणे घटनेने मान्य केले. १९५० पासून प्रौढ मतदान आले. अट फक्त वयाची, तेव्हा २१ वर्षांची आणि १९८९ पासून १८ ची. पण कायद्याने दिलेले घरात पोचायला वेळ लागतो!

अठ्ठावीस लाख बायका

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची, १९५१-५२ ची, यादी करायला माणसे दारोदार फिरू लागली, तेव्हा उत्तरेकडच्या कित्येक प्रांतांत बायका आपले नावच सांगेनात. 'लिहा, अमक्याची आई.' 'लिहा, तमक्याची बायको.' परक्या पुरुषाला नाव सांगायचे कसे? पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे मोठा पेच पडला. देशात एकंदर सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार. त्यांत असली सुमारे २८ लाख नावे! ती तशीच ठेवली तर उद्या केंद्रावर कोणीही यावे आणि 'मीच ती अमक्याची आई' म्हणावे.

सेन यांनी हुकूम दिला. नाव नसेल तर यादीत जागा नाही. त्या २८ लाख बायका यादीतून गळाल्या. ओरड झाली. पण ही ओरड झाली ते बरेच झाले, पुढच्या निवडणुकीपर्यंत लोकांच्या मनातली ही अढी जाईल, असे सेन यांचे मत होते.

हा निर्णय कठोर होता, हे खरेच. त्या खेपेला त्या बायकांचे मत बुडाले. पण त्यात एक मोठी गोष्ट सांगितली गेली, ती अशी की लोकशाहीत आई, बायको, बहीण ही पदे मतदान करीत नाहीत. नाव असलेले माणूस मतदान करते.

आपल्याकडे तरी फार निराळे होते का? मी शिक्षिका. शिक्षकाच्या नशिबी मतदारयादीचे काम असतेच. मीही खांद्याला पिशवी लावून चाळी-चाळींतून हिंडले आहे. दारात यजमान यायचे. "मतदार ना? लिहा. मी, थोरला आणि मंडळी." मंडळींचे नाव विचारले की ते आत वळून ओरडायचे, "अगं, माहेरचं नाव लिहू की सासरचं?" एका घरी तर खाटेवरच्या आजींना त्यांचेच नाव विचारले, तर त्या लाजल्या. नाव सांगताना आवाज इतका बारीक झाला की दोनदा विचारावे लागले. त्यांना त्या नावाने कोणी हाक मारून पन्नास वर्षे झाली असतील! ते नाव मी मोठ्या अक्षरात लिहून घेतले.

पैसे वाईट नव्हेत

आता आपल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात या योजनेची चर्चा कशी होते ते पाहा. "आमच्या कराचे पैसे हे लोक उधळतात! मते विकत घेतात!" वाचकहो, या सुरात मला माझा सूर मिसळवत नाही. कर आपणच भरतो हा भ्रमच आहे. भांडी घासायला येणारी बाई साबणाची वडी विकत घेते तेव्हा तीही कर भरतेच. आणि तिच्या नावाच्या खात्यात दीड हजार रुपये पडले, तर ते मुलाच्या वह्यांना, सासूच्या औषधाला, क्वचित स्वतःच्या चपलेला लागतात. यात वाईट काय?

शिवाय हिशेबच काढायचा तर सरकारी पाहणीचा काढू. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनपगारी कामे करणारी बाई त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, आणि ती कामे करणारा पुरुष ९७ मिनिटे. दिवसाचे पाच तास फुकट राबणाऱ्या बाईला महिन्याचे दीड हजार मिळाले म्हणून 'फुकट खाते' म्हणणे आपल्याला शोभत नाही.

माझा आक्षेप आहे तो पैशाच्या लेबलावर. तमिळनाडूतही सप्टेंबर २०२३ पासून स्त्रियांना दरमहा १,००० रुपये देण्याची योजना सुरू झाली. तिच्या नावात 'मगळिर उरिमै तोगै' असे शब्द आहेत, म्हणजे स्त्रियांच्या हक्काची रक्कम. पुढाऱ्याची पदवी तिथेही पुढे चिकटवलेली आहेच, पण 'हक्क' हा शब्द तरी आहे! आपण मात्र मध्य प्रदेशातल्या 'लाडली बहना'चा कित्ता गिरवला. हक्क मागता येतो, थकला तर त्यासाठी भांडता येते. ओवाळणीचे तसे नाही. भावाने दिली तर दिली, आणि दिली की बहिणीने ओवाळायचे. तबकात नोट पडते तेव्हाच निरांजनाच्या जागी मत मागितलेले असते.

पुढे काय झाले तेही पाहा. २०२५ साली छाननी झाली, तेव्हा बहिणींच्या यादीत चौदा हजारांवर भाऊच निघाले! त्याच वर्षी सप्टेंबरात ओळख-पडताळणीचा हुकूम निघाला आणि बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागण्यात आला. उत्पन्न पडताळायचे, हे कारण समजण्यासारखे आहे. पण विधवेने, नवऱ्याने टाकलेलीने, आईबाप नसलेलीने काय करावे? त्यांच्यासाठी मग निराळी वाट काढावी लागली. १९३५ चा कायदा कपाटातून हळूच डोकावला, असे मला वाटले. तू कोण, हे विचारण्याआधी तू कोणाची कोण, हा प्रश्न!

वर्तमानपत्रे आणि वाहिन्या

यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्याचे प्रकरण पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत तोच मजकूर, शब्दाला शब्द, निरनिराळ्या बातमीदारांच्या नावाने आला होता. तेव्हापासून शहाणा वाचक बातमीच्या पोटात दडलेली जाहिरात ओळखू लागला. आता योजनाच जाहिरात बनली आहे, आणि ती कायदेशीर आहे. पहिल्या पानावर तिची पानभर जाहिरात असली की आतल्या पानात तिला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार?

वाहिन्यांचे तर विचारूच नका. ध्वनिक्षेपक पुरुषापुढे आला की प्रश्न राज्याच्या राजकारणाचा, आणि बाईपुढे आला की कांद्याच्या भावाचा. 'महिलांचा कौल कोणाकडे?' यावर तासन्तास काथ्याकूट होतो, जणू काही साऱ्या महिला मिळून एकच बाई! शेतावर मजुरी करणारी, रुग्णालयात परिचारिका असणारी, कॉलेजात पहिल्यांदा मत देणारी, या तिघींना एकाच वेळी एकच गोष्ट हवी असते काय?

जो आकडा ठळक छापायला हवा होता तो कोपऱ्यात गेला. बहिणींच्या नावाने लढवलेल्या त्या निवडणुकीत २८८ आमदारांमध्ये स्त्रिया निवडून आल्या फक्त २१, म्हणजे २०१९ पेक्षाही तीन कमी. तबक धरायला सगळ्या बहिणी, पाटावर बसायला मात्र सगळे भाऊ! आपल्याच राज्याने २०११ साली ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. तिथे त्या निवडून येतात, कारभार करतात. विधानसभेच्या पायरीशीच त्यांची पात्रता कशी संपते? २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा देऊ केल्या, पण ते जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, अशी अट घालून. दीड हजार रुपये तीन महिन्यांत खात्यावर पोचतात. खुर्चीला मात्र जनगणना लागते!

आपण काय करावे?

निराश होण्याचे मात्र कारण नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहायचे, असा निर्णय याच महाराष्ट्रात झाला. ही काही लहान गोष्ट नव्हे. उद्याच्या मतदारांच्या नावात त्यांची आई नुसती 'अमक्याची आई' राहणार नाही.

तोवर आपल्या घरापुरते काही करता येईल. मतदारयादी प्रसिद्ध होईल तेव्हा घरातल्या प्रत्येक बाईचे नाव त्यात आहे की नाही, शुद्ध लिहिले आहे की नाही, हे तिचे तिला पाहू द्या. कामाला येणाऱ्या बाईचे नाव नसेल, तर तिला अर्ज भरायला मदत करा. कोणाला मत दिलेस, हे तिला विचारू नका. तेवढी सभ्यता आपण पाळलीच पाहिजे. आणि पुढच्या खेपेला हात जोडून कोणी दारात आले आणि 'ताई' म्हणाले, तर बसायला सांगा, दिवाळी असेल तर फराळही द्या. मग आपले संपूर्ण नाव सांगा, आणि विचारा: नळाला पाणी किती वाजता येणार, रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलीसाठी रस्त्यावर दिवा कधी लागणार, आणि तुमच्या पक्षाने या जिल्ह्यात किती बायकांना उमेदवारी दिली?

उत्तर काय देतात ते लिहून ठेवा. मतदानाला जाताना तो कागद बरोबर घ्या.